‘टोपी’ कुणी म्हणायचं

चंद्राच्या उजेडातही इंद्रधनुष्य पडतं, हे सांगितलं तर बहुतेकांना खरं वाटत नाही. पण पडतं. चंद्र आपल्या पाठीमागे हवा, क्षितिजापासून बेचाळीस अंशांच्या खाली हवा, समोर पाण्याचे तुषार हवेत आणि आकाश मोकळं हवं. चारही गोष्टी एकाच वेळी जुळणं अवघड, एवढंच. राष्ट्रीय उद्यानातल्या मोठ्या धबधब्यावर वर्षातून फार तर तीन पौर्णिमांना ही शक्यता असते, कारण पुरेसं पाणी तीनच महिने असतं. चंद्र किती वाजता पूर्वेकडच्या डोंगरावर येईल, किती वाजता फार वर जाईल, हे सगळे हिशेब मी करते. फोटो माझा भाऊ काढतो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याच्या घराच्या तळमजल्यावर त्याचा फोटो स्टुडिओ आहे, म्हणजे होता. आता तो वहिनी चालवते. दादाला तिशीत उन्हाचा त्रास सुरू झाला. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडाच्या, रंगांच्या, बारकाव्यांच्या, आणि दंडपेशी अंधाराच्या. दादाच्या शंकुपेशी मरत होत्या. दहा वर्षांत अशी वेळ आली की भर दुपारी दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्याला नुसता पांढरा डाग दिसायचा. बायको आणि पोस्टमन त्याला आवाजावरून ओळखावे लागायचे.

दंडपेशी मात्र शाबूत होत्या. चांदण्यात कुणालाच रंग दिसत नाहीत, कुणालाच बारीक अक्षर वाचता येत नाही. तिथे दादा इतर कुणापेक्षा कमी नव्हता. “दिवसा मी आंधळा, आणि रात्री तुम्ही सगळे माझ्याएवढेच आंधळे,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकांना हसावं की नाही ते कळायचं नाही. वहिनी म्हणायची, “हसा हो. नाहीतर परत सांगतील.”

तेव्हापासून तो चांदण्यातले फोटो काढू लागला. झाडं, खडक, तळं, आणि मग धबधबा. कॅमेरा जुना, भात्याचा, पोस्टकार्डाएवढी एकेक फिल्म घालायचा. नव्या कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड त्याला सोसत नसे आणि जुन्याचा प्रत्येक खटका त्याच्या बोटांना पाठ होता. उजेड असेपर्यंत मी भिंगातून बघून फोकस लावायचे आणि चिकटपट्टीने पक्का करायचे. मग सूर्य गेल्यावरची वीस मिनिटं दादाची. तेव्हा उजेड त्याला सोसेल इतका उतरलेला असे आणि काळ्या कापडाखाली डोकं घालून तो चौकट ठरवायचा. पुरती वीस मिनिटं घ्यायचा. “झालं का?” विचारलं की आतून आवाज यायचा, “पट्टे, गप.”

पट्टी हे माझं शाळेतलं नाव. मी पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवायचे म्हणून त्यानेच ठेवलेलं. आता मी प्रकाश मोजण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तेव्हा नाव चुकलं असं म्हणता येत नाही.

धबधब्याच्या एका फोटोला शटर सहा मिनिटं उघडं ठेवावं लागतं. घड्याळ बघायचं नाही, कारण त्याचा उजेड डोळ्यांत गेला की पुढची वीस मिनिटं अंधारात काही दिसत नाही. म्हणून दादा तोंडाने मोजायचा, तीनशे साठपर्यंत, अगदी हलक्या आवाजात. मधेच चंद्रावर ढग आला तर भिंगावर टोपी घालायची आणि मोजणी थांबवायची. ढग गेला की टोपी काढायची आणि आकडा पुढे चालू. ज्याला ढग दिसेल त्याने ‘टोपी’ म्हणायचं, एवढाच नियम. पहिल्या वर्षी एकदा मी त्याच्याआधी म्हणाले. दादाने फोटो पुरा केला. मग म्हणाला, “आकडे तुझे. आकाश माझं. माझ्या आकाशात लुडबुड नको.” तो हसतच म्हणाला होता, पण त्यानंतर अकरा वर्षांत मी एकदाही म्हणाले नाही. तशी वेळही आली नाही. ढगाची कड चंद्राला लागायच्या आत त्याचा हात टोपीवर असायचा.

या अकरा वर्षांत त्याला धबधब्याचे पुष्कळ चांगले फोटो मिळाले. धनुष्याचा एकही मिळाला नाही. कधी धुकं, कधी वारा उलटा, कधी पाणी कमी.

या वर्षी थंडी संपताना डॉक्टरांनी सांगितलं की आता दंडपेशीही जाऊ लागल्या आहेत. मी सोबत होते. तपासणीचे आलेख मला वाचता येत होते, त्यामुळे डॉक्टर बोलायच्या आधीच मला कळलं होतं, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. वर्षभर, असं डॉक्टर म्हणाले, कदाचित जास्त, कदाचित कमी. दादाने विचारलं, “म्हणजे किती पौर्णिमा?” डॉक्टरांना तो विनोद वाटला.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला की त्याला फक्त एक निगेटिव्ह हवी आहे, धनुष्याची. काढलेले फोटो तो घरी वरच्या खोलीत बघतो. पडदे ओढून, पंधरा वॉटच्या दिव्याखाली, हातभर अंतरावर धरून, नजर किंचित बाजूला वळवून. तसं त्याला दिसतं. धनुष्याचा फोटो त्या दिव्याखाली एकदा नीट बघायचा होता, दिवा निकामी व्हायच्या आत. त्यानंतर कॅमेरा तुझ्या लॅबला देऊन टाकतो, म्हणाला, तिथे तरी कुणी डोळस माणूस असेल.

पहिल्या पौर्णिमेला धुकं होतं. दुसऱ्या पौर्णिमेच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा वरच्या खोलीत साठ वॉटचा दिवा लावलेला दिसला. मी वर बघितलं आणि वहिनीकडे बघितलं. “जुना गेला,” ती म्हणाली आणि चहाचे कप उचलायला लागली. मी त्याची मनात नोंद केली. निष्कर्ष काढला नाही. माझ्या पेशाला हे शोभत नव्हतं. दुसऱ्या पौर्णिमेला ढगच हलले नाहीत.

तिसऱ्या पौर्णिमेला आम्ही दुपारीच उद्यानात पोचलो. अंधार पडल्यावर आत थांबायचं तर परवाना लागतो आणि सोबत गार्ड असावा लागतो. आमचा गार्ड ठरलेला. तो दादाला मास्तर म्हणतो आणि मला मॅडम, आणि दोघांची चेष्टा करायचा हक्क त्याने फार पूर्वीच घेतलेला आहे. मी वहीत बघून आठ बेचाळीसला चंद्र डोंगरावर येईल म्हटलं, तर तो दादाला म्हणाला, “मास्तर, चंद्राने मॅडमची वही वाचलीय का?”

“वाचलीय,” दादा म्हणाला. “सही पण केलीय.”

धबधब्यासमोर लोखंडी कठड्याचा एक सज्जा आहे. तुषारांनी तिथली फरशी कायम ओली. मी ट्रायपॉडच्या पायांखाली रबराचे तुकडे घातले, फोकस लावला, चिकटपट्टी लावली. सूर्य गेला. दादा कापडाखाली शिरला आणि चार-पाच मिनिटांतच बाहेर आला. “झालं,” म्हणाला. मी म्हटलं, एवढ्यात? तो म्हणाला की अकरा वर्षं तीच चौकट आहे, तिला काय नव्याने बघायचं. हे पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं.

आठ बेचाळीसला चंद्र आला असेल, पण दिसला नाही. पूर्वेला ढगांचा जाड थर होता आणि तो हळूहळू सरकत होता. माझ्या हिशेबाने दहाला पाच कमी असेपर्यंत वेळ होता. त्यानंतर चंद्र इतका वर गेला असता की धनुष्य खालच्या घळीत, काळोखात उतरलं असतं. नऊ वाजले. सव्वानऊ. गार्डने थर्मास काढून आम्हाला कॉफी दिली आणि बायको त्याला म्हणते की पगार जंगलाचा आणि झोप घरची अशी नोकरी बघ, हे सांगितलं. दादा हसला नाही. तो कठड्याला धरून उभा होता, दुसरा हात शटर उघडायच्या तारेच्या बटणावर.

नऊ चाळीसच्या सुमाराला ढग फाटला.

आधी पलीकडचा कडा दिसू लागला, मग पाण्याचा पट्टा, मग तुषार. आणि तुषारांत ते होतं. खालच्या खडकापासून निघून समोरच्या कड्यावर टेकलेलं, राखाडी-पांढरं, कुणीतरी बोटाने काचेवरची वाफ पुसावी तसं. रंग नव्हतेच. डोळ्याला ते दिसायचेही नसतात. मी प्रयोगशाळेत कितीतरी धनुष्यं पाडलेली आहेत, काचेच्या गोळ्यांतून, पाण्याच्या फवाऱ्यातून. त्यांतलं एकही असं नव्हतं. मी दादाकडे बघितलं. त्याचा अंगठा तारेवर होता आणि तो दाबत नव्हता. मला वाटलं, तो वारा स्थिर व्हायची वाट बघतोय.

“मास्तर, निघाला की चंद्र,” गार्ड म्हणाला. “आता कसली वाट बघताय?”

दादाने तार दाबली आणि मोजायला सुरुवात केली. ढग फाटल्याला तोवर अकरा सेकंद झाली होती. सवयीने मी तीही मोजली होती.

गार्डच्या वॉकीटॉकीवर फाटकातून बोलावणं आलं. तो दबक्या पावलांनी निघून गेला. आम्ही दोघंच राहिलो आणि पाण्याचा आवाज. दादा मोजत होता. साठ. सत्तर. शंभर.

एकशे तीसला ढग आला.

तो हळूहळू नाही आला. धनुष्य गेलं, पाठोपाठ पाणी गेलं, कडा गेला. समोर काहीच उरलं नाही, नुसता आवाज. मी दादाच्या हाताकडे बघितलं, तो टोपीकडे जाईल म्हणून. हात जागचा हलला नाही. “एकशे एकतीस,” दादा म्हणाला. “एकशे बत्तीस.” त्याचा चेहरा धबधब्याकडे होता, डोळे उघडे होते, आणि तो अगदी मन लावून, न दिसणाऱ्या धबधब्याकडे बघत होता.

मला म्हणायचं होतं. शब्द तोंडात आला होता. दोन अक्षरं. पण ती म्हणणं म्हणजे त्याला सांगणं की तुला दिसत नाही, आणि मला ते कळलं आहे. पाच सेकंद थांबू, मला वाटलं, त्याच्या लक्षात येईल. मग दहा. वीस सेकंदांनंतर आणखी एक अडचण झाली. आता म्हटलं तर एवढा वेळ का थांबलीस, हेही आलंच. प्रत्येक सेकंदाला ते जास्त अवघड होत गेलं आणि तो शांतपणे सेकंद मोजत होता. मी नुसती उभी राहिले. मला आजवर एवढं असहाय कधी वाटलं नव्हतं, आणि अडवणारं तर कुणीच नव्हतं.

तीनशे पंचविसाला चंद्र परत निघाला. धनुष्य होतं तिथेच होतं. पस्तीस सेकंदांनी दादाने शटर बंद केलं. तीनशे साठपैकी एकशे पासष्ट सेकंदच उजेड मिळाला होता. निम्म्याहून कमी. परत एक फोटो घ्यायला वेळ होता का, तर वहीप्रमाणे होता, आठ-नऊ मिनिटं. मी तोंड उघडलं तोवर ढगाचा दुसरा थर आला आणि तो शेवटपर्यंत हटला नाही.

गार्ड परत आला. फोटो निघाला का, धनुष्य दिसलं का, असं त्याने विचारलं. “निघाला,” दादा म्हणाला. “दिसलं,” मी म्हणाले. दोन्ही खरं होतं.

परत येताना गाडी मी चालवत होते. उद्यानाचं फाटक गेलं, पेट्रोलपंप गेला. दादाने काळा चष्मा घातला होता, समोरच्या गाड्यांच्या दिव्यांसाठी. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “शेवटपर्यंत उघडं होतं ना?”

असं त्याने मला आजवर कधीच विचारलं नव्हतं. आकाश त्याचं होतं.

“हो,” मी म्हणाले.

हे फिल्मचं काम ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. उजेड कमी मिळालेली फिल्म अगदीच वाया जात नाही. ती रसायनात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली तर जे फिकट उमटलेलं असतं ते बरंच वर येतं. पण हे फिल्म धुवायच्या आधी माहीत हवं. एकदा धुतली की झालं. दादाची नेहमीची वेळ अकरा मिनिटं. सोळा ठेवली असती तर धनुष्य वर आलं असतं. हे मला गाडीत ‘हो’ म्हणतानाही माहीत होतं. मी ठरवलं, सकाळी सांगू. सकाळी, फोनवर, त्याचा चेहरा समोर नसताना.

सकाळी सात वाजता मी फोन केला. वहिनीने उचलला. तो सहापासून डार्करूममध्ये आहे, म्हणाली, रात्रभर झोपला नाही, तुझं काय काम होतं? मी विचारलं, फिल्म रसायनात घातली असेल का. ती म्हणाली, “मला काय कळणार? दार बंद आहे. तूच म्हणतेस ना, दार वाजवायचं नाही?” मग तिने विचारलं, “नीट आलं असेल ना ग?” मी तिला दार वाजव म्हणाले नाही. असंही असेल की वाजवलं असतं तरी वेळ गेलेली असती. मला ते ठरवता येत नाही.

दुपारी दादा लॅबमध्ये आला. वहिनीने त्याला रिक्षातून आणून दारापर्यंत सोडलं आणि ती दुकान उघडायला परत गेली. लॅबमध्ये जेवणाची सुट्टी होती. टेबलांवर डबे, खिडकीच्या पट्ट्या अर्ध्या उघड्या. मी त्या बंद केल्या. त्याने खिशातून कागदी पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“मोज,” म्हणाला.

निगेटिव्ह किती दाट आहे ते मोजायचं यंत्र माझ्या टेबलावरच असतं. फिल्म हातात घेतल्याबरोबर मला उत्तर कळलं. ती इतकी पातळ होती की तिच्यातून माझ्या बोटांच्या रेघा दिसत होत्या. मी म्हटलं, थोडी पातळ वाटतेय. तो म्हणाला, वाटतं ते नको, आकडा सांग. पाण्याचा पट्टा घे.

मला खोटं बोलता येतं. आदल्या रात्रीच बोलले होते. पण खोटा आकडा मला सांगता येत नाही. जीभच वळत नाही. मी फिल्म यंत्राखाली सरकवली. “शून्य पूर्णांक एकतीस.”

त्याचं पाणी नेहमी शून्य पूर्णांक सत्तरच्या आसपास येतं. तो खुर्चीत मागे टेकला. त्याला हिशेब करायला फार वेळ लागला नाही.

“किती वेळ झाकलेला होता?”

“एकशे पंचाण्णव सेकंद.”

“मोजलंस.”

“हो.”

“मोजलंस, आणि बोलली नाहीस.”

मी म्हटलं की मला वाटलं तू म्हणशील. आणि मग, तू म्हणाला नाहीस तेव्हा मला म्हणवेना. तो बराच वेळ टेबलावरच्या पट्टीची कड अंगठ्याने चाचपत राहिला.

“तीन पौर्णिमा झाल्या मला काही दिसत नाही,” तो म्हणाला. “पहिल्या पौर्णिमेचं धुकंही मला दिसलं नव्हतं. गार्ड म्हणाला म्हणून कळलं. मला वाटलं, पट्टी आहे ना. ढग आला तर पट्टी म्हणेल. मला सांगायची वेळच येणार नाही.”

“मला सांगायचंस ना, दादा.”

“गाडीत विचारलं होतं की. आणखी कसं सांगतात?”

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी डबा धूत होतं. दादाने कोपरापर्यंत बाह्या सारल्या, परत खाली केल्या. मग पुढची संधी कधी, असं विचारलं. मी वही न उघडता सांगितलं, दहा महिन्यांनी. त्याने मान हलवली. डॉक्टरांनी दिलेलं वर्ष संपायला पाच महिने उरले होते.

“आणि ते?” त्याने विचारलं. “ते आहे का त्यात?”

मी भिंग लावून बघितलं. कडा होता, पाणी होतं, कठड्याची एक सळी होती. धनुष्य असायला हवं होतं तिथे मला काहीतरी दिसल्यासारखं वाटत होतं, पण ते कुठे असणार हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं डोळ्याला दिसतंच. म्हणून मी मोजलं. धनुष्याच्या जागी शून्य पूर्णांक चौदा. त्याच्या बाजूला, जिथे नसायला हवं तिथे, शून्य पूर्णांक बारा.

“फरक दोनचा आहे,” मी म्हणाले.

“म्हणजे आहे.”

“यंत्राची चूकही दोनपर्यंत असते.”

“म्हणजे नाही?”

“म्हणजे सांगता येत नाही.”

त्याने चष्मा काढला आणि फिल्म जिथे असेल असं त्याला वाटत होतं त्या दिशेला तोंड केलं. अंदाज वीतभर चुकला होता. “पट्टे,” तो म्हणाला, “आहे म्हण ना.”

मी फिल्म एक मिलिमीटर सरकवली आणि परत मोजलं. तेरा. बाजूला तेरा. पुन्हा सरकवली. बऱ्याच वेळा मोजून सरासरी काढली तर चूक कमी होते, हे खरं आहे. किती कमी होईल आणि त्यानंतर उत्तर कोणत्या बाजूला पडेल, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मी प्रत्येक आकडा मोठ्याने सांगत होते. लोक जेवून परत आले, आपापल्या टेबलांवर बसले. दादा कोपरं गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून ऐकत होता, आणि माझा आवाज जरा थांबला की म्हणत होता, “पुढचा.”